व्हिएतनाम : शेवटचे दिवस, पाच डोकी, तीन मतं. कोणी सोडवा रे!

पंचगंगाकाठचा (मंगळवार, रात्री)

नमस्कार मंडळी,

निन्ह बिन्हजवळच्या ताम कोकमधून लिहितोय. पाच मित्र आहोत, सगळे कोल्हापूर-इचलकरंजीकडचे, कॉलेजपासूनचे. नावं लिहीत नाही, त्यातले दोघं इथे वाचतात. सायगॉनहून पाठीवर पिशव्या टाकून निघालो आणि दा लात, होई आन, ह्यू करत कधी रेल्वेने, कधी स्लीपर बसने वर सरकत आलो. मुंबईचं विमान हनोईहून शनिवारी मध्यरात्री आहे.

होई आनला पाऊस असा लागला की नदीचं पाणी जुन्या गावाच्या गल्लीत आलं. लोक दारातून थेट होडीत बसत होते. आम्ही हॉस्टेलच्या जिन्यात बसून रमी खेळलो, कोणी कुरकुरलं नाही. आणि इथे, एवढ्या निवांत जागी, भातखाचरं, डोंगर, बायका चक्क पायांनी वल्ही मारत होडी चालवतात असल्या ठिकाणी, कालपासून एकमेकांची तोंडं बघवेनात. आत्ता व्हरांड्यातल्या दोरीवर पाचही जणांचे न वाळलेले टीशर्ट लटकलेत आणि खाली आम्ही पाच जण पाच दिशांना तोंडं करून फोनमध्ये.

विषय असा की राहिलेल्या दिवसांत काय करायचं.

दोघांना ‘हा जांग’चा (Ha Giang, उत्तरेकडचा डोंगराळ भाग) लूप, म्हणजे बाइकवरून गोल चक्कर, करायचाय. इथून रात्रीची बस, मग बाइकवरून घाट, आणि शनिवारी संध्याकाळी परस्पर विमानतळ. ‘परत कोण येतंय इथं’ हा त्यांचा एकमेव मुद्दा, आणि तो दर दहा मिनिटांनी मांडला जातो.

एकाला लान हा खाडीतली क्रूझ हवी. त्याच्या बायकोने ‘तिथले फोटो आण’ म्हटलंय म्हणे.

राहिले आम्ही दोघं, आम्हाला हनोईत जाऊन पडायचंय. त्यातला एक जैन आहे. गडी दक्षिणेपासून भात, केळी आणि घरून आणलेल्या खाकऱ्यावर आहे, आणि खाकरा ह्यूला संपला. मी धडधाकट आहे, पण मला आता सकाळी उठून पिशवी भरायचा कंटाळा आलाय.

वर हिशोबाचं त्रांगडं. आमच्यात एक सीए आहे, बहुतेक सगळं त्याच्या कार्डावर झालंय. तो म्हणतो, एटीएमचे चार्जेस आणि कार्डाचा मार्कअपसुद्धा (परदेशी व्यवहारावर बँक लावते तो जादा आकार) वाटून घ्या. जैन म्हणतो, मी बिअर पीत नाही, तर बिअरचे पैसे मी का देऊ? फोटोवाला म्हणतो, मग तू एकट्याने खाल्लेल्या फळांचे आम्ही का द्यायचे? हे काल रात्री अडीच तास चाललं.

जाणकारांनी सांगा, हा जांग जमेल का? नसेल तर काय करावं? आणि उरलेल्या डोंगांचं (इथलं चलन) काय करतात?

---

बोरूबहाद्दर (मंगळवार, रात्री)

तिथल्या फळांवर भांडताय? ड्रॅगनफ्रूट आपल्याकडे सांगोल्यातपण पिकतं, घरी येऊन भांडा.

जोक बाजूला. मी असतो तर हा जांगला गेलो असतो. झोप काय, विमानात होते.

---

काजबटण (बुधवार, सकाळी)

बोरूबहाद्दर, असले सल्ले देऊन लोकांची विमानं चुकवू नका.

मी कपड्यांच्या धंद्यात आहे, मर्चंडायझर. हनोईत भाड्याने राहून रोज हुंग येनच्या कारखान्यात जायचे, बरीच वर्षं काढली. मूळची मिरजेची, म्हणजे तुमच्या शेजारचीच. त्यामुळे जरा स्पष्ट लिहिते.

हा जांग आत्ता नाही. जागा सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. दोंग वान ते मेओ वाक हा मा पी लेंगचा घाट आणि खाली न्यो क्वे नदीची हिरवी रेघ, हे बघून मी स्वतः गप्प झालेली आहे, आणि मी सहसा गप्प होत नाही. पण हा जांग गाव हनोईपासून तीनशे किलोमीटर, तुम्ही तर त्याच्याही खाली आहात. म्हणजे पहिली रात्र बसमध्ये आणि शेवटचा दिवसही बसमध्ये. मधल्या घाटात एक दरड आली की संपलं, आणि पावसाळ्याच्या शेवटी डोंगर भिजून फुगलेले असतात. दरड हटेपर्यंत तीन तास लागतील की अख्खा दिवस, हे तिथला पोलीसही सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. आपला इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो. व्हिएतनाम मानतं १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. त्यामुळे आरटीओतून काढून आणलेलं ते राखाडी पुस्तक तिथे ५० सीसीच्या वरच्या गाडीला चालत नाही. हा जांगच्या रस्त्यावर पोलीस हेच तपासायला उभे असतात. दंड भरून सुटाल, पण पडलात तर विमा कंपनी पहिला प्रश्न लायसनचा विचारते. भाड्याने गाडी देणारा म्हणेल, ‘नो प्रॉब्लेम’. त्याला कसला प्रॉब्लेम असणार! स्थानिक चालकाच्या मागे बसून लूप करता येतो, तोच शहाणपणाचा मार्ग, पण तो सहलीच्या सुरुवातीला. ज्याच्या टोकाला विमान आहे त्या दिवसांत नाही.

क्रूझवाल्याचं ऐकता येईल, पण आजच निघायचं. निन्ह बिन्हहून कात बा बेटावर बस आणि फेरीबोट मिळून थेट तिकीट मिळतं, साधारण अर्धा दिवस जातो. रात्रीच्या क्रूझच्या भानगडीत पडू नका. कात बाला खोली घ्या, उद्या दिवसाची बोट घ्या, त्यात कयाकही असतं, आणि परवा हनोई. लान हा म्हणजे हा लाँगचाच दक्षिणेकडचा भाऊ, तसेच चुनखडीचे सुळके. २०२३ मध्ये युनेस्कोने दोन्ही एकत्र यादीत घेतले. फोटोत बायकोला फरक कळणार नाही.

फक्त वारा बघा. वादळाचा इशारा आला की बंदराचे लोक सगळ्या बोटी थांबवतात आणि तिथे वशिला चालत नाही, चालूही नये. २०२४ च्या सप्टेंबरात यागी वादळ याच किनाऱ्यावर आलं. २०२५ च्या जुलैत हा लाँगमध्ये अचानक आलेल्या वाऱ्यात पर्यटकांची बोट उलटली, तीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा बोट रद्द झाली तर चडफडू नका, पैसे परत मागा आणि हनोईची गाडी पकडा.

आता मुख्य मुद्दा. पाचही जणांनी एकत्रच असलं पाहिजे हा हट्ट कोणाचा आहे? आमच्या ऑफिसातली पोरं फिरायला जायची तेव्हा हेच बघितलंय. पहिला आठवडा सगळे चिकटून, मग एकाच्या आंघोळीला किती वेळ लागतो यावरून महाभारत. तुम्ही फुटा. तिघं कात बाला, दोघं हनोईला. शुक्रवारी संध्याकाळी एकत्र जेवा. दोन दिवस न भेटलेल्या माणसाशी बोलायला काहीतरी असतं.

हनोईत पडून राहायचं म्हणणाऱ्यांसाठी : हो ची मिन्हचं स्मारक सोमवारी आणि शुक्रवारी बंद, उरलेल्या दिवशीही फक्त सकाळी. अर्धी चड्डी चालत नाही, आत बोलायचं नाही, खिशात हात घालायचे नाहीत. गुरुवारी आटपा. तिथून जवळच साहित्य मंदिर आहे, १०७० सालचं. आवारात दगडी कासवं ओळीने बसलीत आणि त्यांच्या पाठीवर शिळा, एकूण ८२. त्यावर राजदरबारच्या परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरलेली. तुमच्या सीएला तिथे सोडा, तासभर हलणार नाही. परीक्षेच्या दिवसांत पोरं तिथे येऊन हात जोडतात. पूर्वी कासवांची डोकी कुरवाळायची, डोकी झिजायला लागली म्हणून कठडा घातलाय.

हा जांग हुकल्याचं दुःख असलेल्यांना वांशिक संग्रहालयात पाठवा. मागच्या अंगणात ह्मोंग, ताय, एदे लोकांची खरी, पूर्ण आकाराची घरं उभी केलीत. एदेंचं लांबघर आणि बाहनारांचं उंच छपराचं समाजघर बघायला शिडी चढून आत जाता येतं. शुक्रवारी गर्दीही कमी असते.

शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत होआन किएम तलावाभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात. पोरं स्केटिंग करतात, म्हाताऱ्या बायका स्पीकर लावून नाचतात. तुम्हाला फिरायला उत्तम, पण शनिवारी विमानतळाची टॅक्सी तुमच्या दारात येणार नाही हे ध्यानात ठेवा. पिशव्या घेऊन बंद रस्त्यांच्या बाहेर चालत यावं लागतं. त्यापेक्षा ८६ नंबरची बस पकडा, रेल्वे स्टेशनपासून जुन्या भागाच्या कडेने नोई बाई विमानतळाला जाते. तिकीट ४५,००० डोंग, म्हणजे दीडशे रुपये. संध्याकाळीच निघा, फार उशिरापर्यंत नसते.

आणि काजू घेऊ नका. दरवेळी कोणीतरी कोकणातला माणूस व्हिएतनामहून काजू घेऊन येतो. कॉफी घ्या, सोबत ते ॲल्युमिनियमचं गाळणं घ्या. दोंग सुआन बाजारात मिळतं, सांगतील त्याच्या अर्ध्यापासून सुरू करा. फिश सॉसची बाटली पिशवीत फुटली तर ती पिशवी टाकून द्यावी लागते.

---

उधारी_बंद (बुधवार, दुपारी)

काजबटण ताईंचा प्रतिसाद वाचून धाग्यात अजून काही लिहायचं उरलंय का असं वाटलं, पण हिशोबावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

तुमचा सीए बरोबर आहे. कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लागतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. गुगलचा दर लावून पैसे दिले तर त्याला खोट बसते. पण प्रत्येक खर्चाला वेगळा दर लावून तो डोकं खात असेल तर त्याला सांगा : सगळे खर्च डोंगमध्येच लिहा. घरी गेल्यावर स्टेटमेंट येऊ दे. परदेशातले व्यवहार आधी ‘पेंडिंग’ दिसतात, दोन-तीन दिवसांनी पक्के होतात तेव्हा रुपयांचा आकडा थोडा हलतो. मग एकूण गेलेले रुपये भागिले एकूण डोंग, हा एकच दर सगळ्यांना. मार्कअप, जीएसटी, एटीएम, सगळं त्यात आलं. वाद मिटला.

बिअर वेगळ्या रकान्यात. फळं सामायिक. माणसाला जेवायला दुसरं काही मिळत नसेल तर फळं हे त्याचं जेवण आहे, आणि तुमच्या फो (नूडल्सचं सूप) आणि बान्ह मीचे (तिथलं सँडविच) पैसे त्याने कुठे कापून घेतले?

आणि आजपासून काँट्री काढा. प्रत्येकी दहा लाख डोंग, म्हणजे साधारण सव्वातीन हजार रुपये, एका पाकिटात. शेवटपर्यंत खर्च त्यातूनच. पाकीट सीएकडे देऊ नका, तो पावत्या मागेल.

---

सही_शिक्का (बुधवार, दुपारी)

एक महत्त्वाचं राहिलं. ‘शनिवारी मध्यरात्री’ म्हणजे नक्की किती वाजता? बारानंतरचं विमान असेल तर तारीख रविवारची. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, पण बरेच लोक अर्जात मोजून सहलीच्याच तारखा टाकतात. सगळ्यांच्या व्हिसावरची शेवटची तारीख आत्ता बघा. मोबाइलमधला पीडीएफ उघडायला दोन मिनिटं लागतात.

---

पंचगंगाकाठचा (बुधवार, संध्याकाळी)

सही_शिक्का, तुमच्या तोंडात साखर पडो. चौघांचा महिनाअखेरपर्यंत आहे. क्रूझवाल्याचा शनिवारपर्यंतच! विमान साडेबाराचं आहे. म्हणजे आता काय? गडी पांढराफटक पडलाय, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

बाकी निर्णय झालाय. तो आणि हा जांगवाले दोघं दुपारीच कात बाच्या बसमध्ये चढले. (व्हिसाचं त्याला बसमध्ये कळलं.) मी आणि जैन हनोईच्या गाडीत आहोत. इथे नऊ सीटच्या व्हॅनला लिमोझिन म्हणतात हे कळल्यावर तो पहिल्यांदा हसला.

सीए हा जांगवाल्यांपैकीच आहे हे सांगायचं राहिलं. त्यामुळे कासवांचा कार्यक्रम शनिवारी सकाळी.

---

सही_शिक्का (बुधवार, संध्याकाळी)

घाबरायचं कारण नाही. शेवटच्या तारखेचा दिवस धरला जातो. त्याने शनिवारी रात्री बाराच्या आत इमिग्रेशनचा शिक्का मारून आत जायचं, विमान नंतर उडालं तरी चालतं. साडेबाराच्या विमानाचं काउंटर साधारण साडेनऊला उघडतं. नऊला रांगेत उभं राहा, त्याला सगळ्यात पुढे ठेवा, बॅग टाकली की त्याने कोणासाठी थांबायचं नाही, सरळ आत.

विमान उशिरा सुटणार असेल तरीही आत जायचं. बाहेर कॉफी पीत बसायचं नाही.

---

पांढरा_रस्सा (बुधवार, रात्री)

नाव काहीही असो, मी शाकाहारी आहे, त्यामुळे तुमच्या जैन मित्रासाठी. हनोईत ‘चाय’ (Chay) असं लिहिलेल्या पाटीची हॉटेलं शोधा. बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण असतं, फिश सॉस नाही, आणि जुन्या वळणाच्या ठिकाणी कांदा-लसूणही नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले साधे लोकही हेच खातात, त्या दिवशी गर्दी असते. फक्त दोन गोष्टी. ताटात कोळंबीच्या आकाराचं, बदकाच्या रंगाचं काहीतरी येईल, ते सोयाबीन आणि पिठाचं असतं, दचकू नये. आणि गाजर-मुळा-मशरूम सगळीकडे असतं, ते आधीच चित्र दाखवून काढायला सांगावं. कमळाच्या बिया घातलेला भात मागवा, मला घरीसुद्धा आठवतो.

अंडा कॉफी प्रसिद्ध आहे, १९४६ मध्ये दुधाच्या टंचाईत मेट्रोपोल हॉटेलातल्या एका माणसाने शोधली, त्याच्या घराण्याचं दुकान अजून चालतं. ती त्याच्या कामाची नाही. त्याला नारळाची कॉफी द्या, आधी ‘कंडेन्स्ड मिल्क चालतं ना’ विचारून.

---

पंचगंगाकाठचा (शनिवार, दुपारी)

थोडक्यात वृत्तांत, कारण बऱ्याच जणांनी विचारपूस केली.

कात बावाल्यांची गुरुवारची बोट निघाली, हवा चांगली मिळाली. फोटो आले, बायको खूश. हा जांगवाल्यांपैकी दुसरा कयाक उलटवून चष्मा खाडीत घालवून आलाय, त्यामुळे सध्या त्याला मेनूकार्ड वाचून दाखवावं लागतं.

आम्ही दोघांनी स्मारक केलं, भरपूर झोपलो, तलावाकाठी बसलो. जैनाला त्या ‘चाय’ पाटीचं हॉटेल गुरुवारी सापडलं. कमळाच्या बियांचा भात आला तेव्हा तो बोललाच नाही, दोन ताटं संपवली, मग मालकिणीला हाताने खूण करून तिसरं मागितलं. ती आतून आणखी एक वाटी घेऊन आली, हिरव्या पाल्याचं पाणीदार सार, त्याचे पैसे घेतले नाहीत. काल संध्याकाळी पाचही जण तिथेच जेवलो. मांसाहारी मंडळींनी खोटी कोळंबी खाऊन खऱ्यापेक्षा बरी आहे म्हणून सांगितलं, मग बाहेर येऊन ता हिएन गल्लीच्या कोपऱ्यावर छोट्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बिआ होई (तिथली ताजी बिअर) घेतली. बिअर वेगळ्या रकान्यात.

हिशोब ‘एकूण रुपये भागिले एकूण डोंग’ या सूत्रावर मान्य झाला. सीएला ते स्वतःला का सुचलं नाही याचाच जास्त त्रास झालाय. आज सकाळी कासवांपाशी त्याने परीक्षा दर किती वर्षांनी व्हायची, पास किती व्हायचे, असले प्रश्न गाइडला विचारून भंडावलं. ताई, अंदाज बरोबर होता.

एक शंका. काँट्रीच्या पाकिटात अजून सहा लाख ऐंशी हजार डोंग आहेत. इथेच संपवावेत की मुंबईत बदलून मिळतात?

---

काजबटण (शनिवार, दुपारी)

मुंबईत डोंग घेणारा सहजासहजी भेटत नाही आणि भेटला तर दर बघून रडू येतं. तिथेच संपवा. पाच जणांचं बसचं भाडं सव्वादोन लाख बाजूला काढा, थोडे पाण्याला ठेवा, उरलेल्यांची कॉफी घ्या. विमानतळाच्या आत तीच कॉफी कितीतरी महाग मिळते. नोटा देताना नीट बघा, वीस हजाराची आणि पाच लाखाची दोन्ही निळसर आहेत, आणि चष्मा हरवलेल्याच्या हातात पाकीट देऊ नका.

विमानात सामानाची मर्यादा सात किलोची असेल तर कॉफी वजन करूनच घ्या. गाळणं अंगावरच्या जॅकेटच्या खिशात घाला.